लाल डबा की निळा डबा

सोमवार, ३ तारीख

ह्यांनी तोंड उघडलं! आज, दुपारी, सगळ्यांदेखत!

घाईघाईनं लिहितेय, म्हणून अक्षर वाकडंतिकडं येतंय. तसं ते सरळ कधी होतं म्हणा. माझी शाळा तिसरीत सुटली, पुढचं जे काही आलं ते रेडिओच्या खोक्यांवरची नावं वाचून.

ही वही बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी दिलेली. ह्यांना झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली, तेव्हापासून त्या दर आठवड्याला येतात. "आजी, आजोबा जो शब्द बोलतील तो ह्यात लिहा," म्हणाल्या. काय लिहू, कपाळ? शब्दच नाही. हिवाळा आला, गेला, वही कोरी ती कोरी. शेवटी डोळ्यांसमोर नको म्हणून शिलाई मशीनच्या खणात टाकली. आज धावत जाऊन काढली. ह्या वयात धावले!

पण मुळापासून सांगते, मला भरकटायची खोड आहे.

नातीचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय. ही आमची नात, भिंगरी, लोकांचे व्हिडिओ कापून, जोडून, सजवून देते. आईबाप बदलीच्या गावी, ही आमच्याकडे. टेबल मांडलंय आमच्या दुकानातच. दुकान म्हणजे ह्यांचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. आता बंद असतं, मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. ह्यांची खुर्ची मात्र अजून दुकानातच, काचेशी, जिथं जन्म काढला तिथं. तर भिंगरीला सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर जोडायचाय. त्यातला मुख्य भाग प्रोसेसर. म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. ते कुठलं घ्यावं हे विचारायला ह्या पोरीनं कुणाला बोलवावं? समोरच्यांना!

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुकानाचे मालक. तेही दुरुस्तीवाले. ह्या दोघांत जन्मभर विस्तव जात नव्हता. हे म्हणायचे, त्याला साधं सोल्डर मारता येत नाही. ते म्हणायचे, ह्याला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही. (दोघांचंही खरं होतं, पण मी कशाला बोलू.) तर असा माणूस आमच्या दारातून आत आला आणि आमच्या स्टुलावर बसला. मी भांडं घासता घासता थिजले.

बसले ते बसले, वर मोठ्या आवाजात म्हणतात, "सोपं आहे गं. कोअर जास्त तो प्रोसेसर चांगला. दुप्पट कोअर, दुप्पट वेग. डोळे मिटून घे."

आणि खुर्चीतून आवाज आला, "चूक."

माझ्या हातातलं भांडं खाली. भिंगरी ताडकन उभी. समोरच्यांनी सावकाश मान वळवली, "काय म्हणालात, उस्ताद?"

ह्यांचा चेहरा लालबुंद. जबडा हलतोय, ओठ जुळत नाहीत. मग विहिरीतून बादली ओढावी तसे एकेक शब्द वर आले, "काम... वाटलं... तर."

लिहिते. चूक. काम. वाटलं. तर.

बुधवार, ५ तारीख

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या. वही दाखवली तर त्यांनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. मग विचारतात, "पाणी मागितलं का त्यांनी? चहा? चष्मा?"

"मागायची वेळच येऊ देत नाही मी," मी ताठ मानेनं सांगितलं. "घसा कोरडा पडायच्या आत पेला हातात असतो."

"तेच नको, आजी. बोलायची गरज पडली पाहिजे त्यांना. मागू द्या."

ऐकून मी गारच झाले. आजारी माणसाला तहानलेला बसवून ठेवायचं? शिकलेली बाई, दिसायला सोज्वळ, आणि काळीज हे असं. मी हो हो म्हटलं आणि तिची पाठ वळताच चष्मा पुसून ह्यांच्या नाकावर ठेवला.

गुरुवार, ६ तारीख

समोरचे आज पुन्हा आले! कुणी बोलावलंही नव्हतं.

भिंगरीनं मला कोअर म्हणजे काय ते समजावलं. म्हणे एका प्रोसेसरात सहा-आठ कारागीर बसलेले असतात, ते कोअर. एखाद्यात सोळासुद्धा. काम त्यांच्यात वाटून देता आलं तरच वेग वाढतो, हे सोमवारी म्हणाले ते तेच. मी म्हटलं, मग मोठा डबा लागणार, ठेवायचा कुठं? तर नुसती हसली. दोन कंपन्या आहेत. एकीचा डबा लाल, दुसरीचा निळा. नावं मला येतात पण लिहायला अवघड, म्हणून लाल आणि निळा. हे लालकडे, समोरचे निळ्याकडे. ते तर होणारच होतं. ह्यांनी लाल म्हटलं म्हणून ते निळे झाले असणार.

समोरचे पुन्हा तेच, कारागीर जास्त तेवढं काम झटपट. मला राहवलं नाही. मी आतून ओरडले, "आठ जणी चुलीशी उभ्या राहिल्या म्हणून एक अंडं लवकर उकडतं होय?"

आणि हे हसले. घशातून घरघर आल्यासारखं, पण हसले. वर म्हणाले, "बरोबर."

मला! बरोबर! लग्न झाल्यापासून ह्या माणसाच्या तोंडून हा शब्द माझ्या वाट्याला आला नव्हता. माझ्या वाट्याला एकच, "अगं शहाणे". मीठ जास्त पडलं, अगं शहाणे. एखादा स्क्रू केरात गेला, अगं शहाणे. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. इतका राग यायचा की एकदा दोन दिवस मी अबोला धरला होता. आणि आता... जाऊ दे, डोळ्यांतलं वहीवर पडलं की शाई पसरते.

सोमवार, १० तारीख

रोज येतात समोरचे. दुकानाचं शटर अर्धं ओढून ठेवतात आणि रस्ता ओलांडतात. आणि काय सांगू, एवढी वर्षं दुकान चालवलं पण माणूस अगदीच कच्चा! रोज काहीतरी चुकीचं बोलतो आणि ह्यांच्याकडून ऐकून घेतो. शनिवारी म्हणाले, गीगाहर्ट्झ (म्हणजे पळायचा वेग) जास्त तो प्रोसेसर नेहमी जास्त चांगला, बाकी काही बघायचं नाही. ह्यांनी डावा हात काउंटरवर आपटला. "जुना... जुना असेल... तर? जुना पळतो... जास्त. काम... कमी." एवढं बोलले! भिंगरीनं मला नंतर सांगितलं की आजोबांचंच खरं आहे, जुन्या पिढीचा प्रोसेसर धावतो खूप पण एका पावलात अंतर कमी कापतो.

आज तर कमाल. दारातच समोरच्यांनी भिंगरीला हळू विचारलं, "आज कुठून सुरू करू?" ती म्हणाली, "उष्णतेवरून करा. काल त्यावर छान वाक्यं निघाली." मी दाराआडून ऐकलं. प्रोसेसरातून वाक्यं कसली निघतात कुणास ठाऊक. मग आत येऊन म्हणतात, "प्रोसेसर कितीही तापला तरी काही बिघडत नाही हो, थंड करायचा पंखा बिनकामाचा." अहो, मी अडाणी, पण मलाही कळतं की तापलं की बिघडतं! टीव्हीच्या मागं हात लावून हे काय सांगायचे तेच.

ह्यांनी तर त्यांना उभं-आडवं झोडपलं. शब्द मध्येच अडकतात, नको तो शब्द येतो, स्वतःवरच चिडतात. "पंखा" म्हणायचं तर "पतंग" आलं. मला वाटलं, आता समोरचे हसणार. नाही हसले. शांत बसून वाट बघितली. ह्याचं मला नवल वाटलं.

शनिवार, १५ तारीख

आजचा धक्का वेगळाच. प्रोसेसरला पाय असतात!

लाल डब्यातल्याला खाली पाय, केसासारखे, शेकड्यांनी. ते बोर्डाच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवतात त्या पाटीच्या, भोकांत नेमके बसतात. निळ्याला पायच नाहीत, खाली नुसते चकचकीत ठिपके, पाय असतात ते बोर्डाला. ह्यावरून दोघं एवढे भांडले की रस्त्यावरची माणसं काचेतून बघायला लागली. समोरचे म्हणतात, "पाय प्रोसेसरला म्हणजे धोका. पडला, वाकला, मेला." हे म्हणाले, "वाकला... तर सरळ... करता येतो. बोर्डाचा वाकला... तर? रड बसून."

रड बसून! ह्यांच्या जुन्या थाटात! मी आतल्या खोलीत एकटीच फेर धरला. (हे बाईंना दाखवायचं नाही.)

पण एक गोष्ट मनाला लागते. भिंगरीचा कॉम्प्युटर. आज तिचा व्हिडिओ तयार व्हायला बसला तो बसलाच, पडद्यावर रेघ गोगलगाईसारखी. ती हनुवटीला हात लावून बघत होती. गिऱ्हाइकाचा फोन आला तर म्हणते, "अजून थोडा वेळ द्या." मी म्हटलं, "अगं, एकदाचा घेऊन टाक ना तो लाल." तर घाईघाईनं म्हणाली, "नको आजी. मला अजिबात घाई नाही."

घाई नाही म्हणे. दोन म्हाताऱ्यांपुढं बोलायची भीड पडते पोरीला.

बुधवार, १९ तारीख

आज ठरलंच होतं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोट उचलून म्हणाले, "लाल. तोच." भिंगरीनं मान खाली घातली. बोलणं शिकवणाऱ्या बाईही इथंच, त्या भिंगरीकडं बघतायत. मला वाटलं, चला, सुटलो.

तर समोरचे खाकरले. "पण उस्ताद, पुढच्या महिन्यात निळ्यांचा नवा येतोय म्हणे. थांबून तुलना करायला काय हरकत आहे?"

भिंगरीनं तर अगदी हुश्श केलं! बाईही मान डोलावतायत! हे पुन्हा सुरू. मला असा संताप आला. पोरीचं काम अडलंय, ठरलेलं मोडतायत, आणि सगळे मिळून आनंदानं मोडतायत. ह्यांचा जीव त्या लालमध्ये अडकलाय, दिसत नाही कुणाला? म्हातारा आपला रोज घसा फोडून सांगतोय आणि कुणी ऐकत नाही.

मी ठरवलंय. कुणाला काही बोलायचं नाही. शिवणाचे पैसे साठलेत ते कशासाठी आहेत मग.

शुक्रवार, २१ तारीख

आणला!

एकटी गेले, बसनं. मोठ्या बाजारात कॉम्प्युटरच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत. आत सगळी पोरंसोरं, एक मी पांढऱ्या केसांची. प्रोसेसरचं नाव मला पाढ्यासारखं पाठ, नंबरासकट, रोज ऐकून ऐकून. एका दमात म्हणून दाखवलं तर काउंटरवरचा माणूस बघतच राहिला. "बोर्ड कुठला आहे, आजी?" "ते आमचे हे बघतील. तुम्ही हा चालवून दाखवा." "हा एकटा चालत नाही, आजी." "मग घ्यायचा कसा? आमच्या दुकानातून चालवून दाखवल्याशिवाय रेडिओ कधी बाहेर गेला नाही." आणि पुसल्याशिवाय तर नाहीच. पुसायचं खातं माझं. जुना टूथब्रश घ्यायचा, बटणांच्या खाचा, जाळी, मागचं झाकण, घासून घासून नव्यासारखं करायचं, मगच ते गिऱ्हाइकाच्या हातात. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं मला बसायला स्टूल दिलं. चांगला होता बिचारा.

पण घरी येऊन डबा उघडला आणि माझे डोळेच पांढरे झाले. आत एक मोठा पंखा. नुसता पंखा! प्रोसेसर कुठंय? मला वाटलं फसवलं. मग भिंगरीनं कोपऱ्यातून एक प्लास्टिकची डबी काढली, आणि त्यात... बिस्किट. चौकोनी, चपटं, चहात बुडवायचं बिस्किट. ह्यात ते सगळे कारागीर? ह्याच्यासाठी ही दोन माणसं महिनाभर भांडली?

पण खरा धक्का तो नाही. मला वाटलं होतं घर नाचेल. भिंगरी म्हणाली, "आजी... तू आणलास?" आणि खाली बसली. समोरच्यांचा चेहरा तर असा उतरला की जणू त्यांचंच काही हरवलं. "आणलात होय, वहिनी. बरं केलंत. म्हणजे आता... आता बघायचं काही उरलं नाही." स्टूल नीट काउंटरखाली सरकवलं आणि गेले.

ह्यांनी डबा बघितला. मला बघितलं. मान हलवली. एक शब्द नाही.

रविवार, २३ तारीख

शब्द नाही.

काल नाही, आज नाही. समोरचे आले नाहीत. काचेतून दिसतात, काउंटरवर कोपर टेकून बसलेले. हे त्यांच्याकडं बघत बसतात. डबा मध्ये पडलाय.

मी चुकीचा आणला का? नंबर चुकला? भिंगरी म्हणते, "नाही आजी, अगदी बरोबर तोच आहे." मग झालं काय? लाल हवा होता, लाल आणला. कदाचित ह्यांच्या मनातून शेवटी निळाच असेल आणि समोरच्यांपुढं हार नको म्हणून बोलले नसतील. पुरुषांचं काही सांगता येत नाही.

बुधवार, २६ तारीख

बाई आल्या. वही उघडली, शुक्रवारपासून त्यात ह्यांचा एकही शब्द नाही. मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "आजी, ते बोलत होते कारण ठरायचं बाकी होतं."

मी त्यावर खूप विचार केला. भाजी चिरताना केला, मशीनवर बसून केला. पण असं कसं? माणूस ठरवायलाच तर बोलतो. ठरल्यावर आनंद व्हायला नको?

मी पेला पुढं करते, ते पितात. चष्मा देते, लावतात. सगळं वेळच्या वेळी. घर इतकं शांत आहे की आतल्या खोलीतलं घड्याळ दुकानात ऐकू येतं.

गुरुवार, २७ तारीख

देवा रे. कुठून सुरू करू.

सकाळी भिंगरी म्हणाली, बोर्ड आलाय, दुपारी प्रोसेसर बसवते. मला वाटलं, निदान आपल्या दुकानाच्या पद्धतीनं तरी तो तिच्या हातात जावा. जसा आला तसा द्यायचा? आपण कधी दिलंय तसं? म्हटलं, ह्यांना दिसेल मी पुसतेय, जुने दिवस आठवतील, बरं वाटेल. टूथब्रश काढला. ह्यांच्याच समोर बसले. ते काचेतून समोर बघत होते.

डबीतून काढला, उलटा केला. हे बारीक बारीक पाय, सोन्यासारखे, उभ्या पिकासारखे. त्यांच्या मधून धूळ काढायची तर जोर लावायला हवाच. रेडिओच्या जाळीला लावायचे तसा लावला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. आणि बघते तर कोपऱ्यातलं सगळं पीक आडवं!

मला वाटलं, असंच असेल का मुळात? तेवढ्यात भिंगरी आली. तिनं अशी किंकाळी फोडली की ह्यांनी मान वळवली. खाली बघितलं. माझ्या हातात टूथब्रश.

"अगं शहाणे!" हे ओरडले. "ते काय रेडिओचं बटण आहे घासायला? सगळे पाय वाकवून ठेवलेस! लग्न झाल्यापासून बघतोय, एक वस्तू धड ठेवायची नाही!"

एका दमात. कुठं अडकलं नाही, कुठं थांबलं नाही. भिंगरी तोंडावर हात ठेवून रडतेय की हसतेय कळेना. मी तशीच बसलेली. अगं शहाणे म्हणाले. मला म्हणाले. मी म्हटलं, "अजून बोला ना." "काय अजून बोला!" ते आणखीच भडकले.

मग त्यांनी काचेबाहेर बघितलं, खुर्चीतून पुढं झुकून डाव्या मुठीनं काच वाजवली आणि ओरडले, "ए समोरच्या! ये इकडे! भिंग... भिंग घेऊन ये!"

जन्मभर ह्या दोघांनी एकमेकांना अहो-जाहोच केलं. भांडणातसुद्धा. आणि आज ए समोरच्या! आवाज रस्ता ओलांडून गेला. समोरचे उठले. एक चप्पल पायात, एक दुकानातच. रिक्षावाल्यानं शिवी घातली, त्यांना ऐकूसुद्धा आली नाही.

टूथब्रश माझ्या हातातच होता. ते आत आले, त्याच्याकडं बघितलं, प्रोसेसरकडं बघितलं, आणि दोन्ही हातांनी मला नमस्कार केला. आता ह्यात नमस्कार करण्यासारखं काय होतं?

शुक्रवार, २८ तारीख

पाय सरळ करायचं काम दिवसभर चाललं. कालचा ओघ आज नाही, शब्द पुन्हा एकेक येतायत. पण येतायत. यायलाच हवेत. समोरच्यांना मोतीबिंदू, भिंगातूनही त्यांना धुरकट दिसतं. ह्यांची नजर अजून घारीसारखी, पण हात नाही. म्हणून एकाचे डोळे, दुसऱ्याचा हात, आणि माझी शिवणाची सुई.

सगळं लिहून घेतलंय. डावीकडे. अजून. थांब. थांब म्हटलं ना. आता... वर. हळू. केसाएवढं. हां. पुढचा. हा नाही, शेजारचा. गाढवा, शेजारचा.

गाढवा हा शब्द वहीत चालतो का ते बाईंना विचारायला हवं.

समोरचे एका शब्दानं उलटून बोलत नव्हते. हे डावीकडे म्हणाले की ते डावीकडे, उजवीकडे म्हणाले की उजवीकडे. एकदा ह्यांना "वर" हा शब्द सापडेना. कपाळाला आठ्या, ओठ चावतायत. सुई तशीच धरून समोरचे थांबले. वर करायचं हे मला दिसत होतं, त्यांनाही कळलं असणार. मी तोंड उघडणार, तर भिंगरीनं माझा दंड धरला. शेवटी "वर" आला, आणि मगच सुई हलली.

दुपारी मी भिंगरीला म्हटलं, "हात चांगला आहे समोरच्यांचा. डोक्यानं मात्र कच्चे हो. दुप्पट कोअर दुप्पट वेग म्हणणारा माणूस!" ती माझ्याकडं बघत राहिली. "आजी, ते एवढे कच्चे नाहीत गं." आणि माझा गालगुच्चा घेतला. आजीचा गालगुच्चा! काय बाई एकेक.

रविवार, ३० तारीख

आज बसला. भिंगरीनं प्रोसेसर बोर्डावर नुसता ठेवला तर अलगद आत गेला. एक पाय अडला नाही. वर पंखा, मग तारा, मग बटण. पंखा फिरला, पडदा उजळला. व्हिडिओची ती गोगलगाय आज सशासारखी पळाली. मी डोळे फाडून बघत होते. बिस्किटानं केलं हे!

मग मात्र माझं लक्ष ह्यांच्याकडं गेलं. शांत बसले होते, पडद्याकडं बघत. समोरचेही शांत. सुई परत माझ्या डबीत. पायही सरळ झाले, ठरायचंही काही राहिलं नाही. समोरच्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले, आता उठणार असे. पुन्हा शुक्रवारसारखं होणार.

चहा तयार होता. गाळून, पेल्यांत भरून, ओट्यावर. रोजच्यासारखा उचलायचा आणि पुढं करायचा, एवढंच. मी उचलायला गेलेसुद्धा. आणि काय वाटलं कुणास ठाऊक, पेले झाकून ठेवले आणि बाहेर येऊन स्टुलावर बसले. हात मांडीखाली दाबून धरले. असं बसणं फार कठीण असतं. जिनं केलंय तिलाच कळेल.

हे इकडं बघतात, तिकडं बघतात. माझ्या रिकाम्या हातांकडं बघतात. मी छताकडं.

"शहाणे," हे म्हणाले. ओरडून नाही. "चहा."

मी हलले नाही.

"दोन." थांबले. ओठ जुळवले. "त्याच्यात... साखर नको. त्याला... चालत नाही."

समोरचे उठता उठता तसेच राहिले. साखरेचा आजार त्यांनी आम्हाला कधी सांगितला नव्हता. कुणालाच सांगितला नसेल, एकटा माणूस. "तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. आवाजच वेगळा.

"काचेतून दिसतं," हे म्हणाले. "गोळी. जेवायच्या... आधी. रोज."

मी ह्या माणसाबरोबर संसार केला. मला वाटायचं काचेशी बसून हे गिऱ्हाईक कुणाकडं जातं ते बघतात.

समोरच्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं, बराच वेळ. मग रुमाल खिशात घालत म्हणाले, "ती गोळी साखरेची नाही. रक्तदाबाची आहे."

"चूक," हे म्हणाले, आणि खुर्ची त्यांच्याकडं वळवून घेतली.

चहा नेऊन दिला. गार झाला होता, दोघांनी काही म्हटलं नाही, भांडत होते. मग आत येऊन टूथब्रश धुतला, वाळवला आणि वहीबरोबर मशीनच्या खणात ठेवला. लागला तर हाताशी असावा.